घड्याळ न लावलेला दिवस

"बाई, आज माझी बायको बोलली नाही."

फोनवर घड्याळजी होते. त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. मेकॅनिकबाईंना हे माहीत होतं, म्हणून त्या दचकल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "संगणक चालू होतोय का, काका?"

"होतोय. पण ती बोलत नाही. एकसष्टपैकी साठ गेली. एक राहिलंय, त्यात ती नुसती खोकते."

मग फोनची ओढाताण झाली आणि एक भरदार, घाईतला आवाज कानावर आदळला. "नमस्कार, मी त्यांचा थोरला मुलगा. तुम्ही या, बघा, आणि हे बाबांनीच स्वतःच्या हातानं केलंय असं एका कागदावर लिहून द्या. दुरुस्त काही करू नका."

रोग आधी ठरवून मग डॉक्टरला बोलावणाऱ्या माणसांचा मेकॅनिकबाईंना मनस्वी राग येई. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकानाला कुलूप लावलं. रविवार होता, गिऱ्हाईक तसंही नव्हतं.

वाटेत त्यांना सगळं आठवत गेलं. घड्याळजींच्या बायकोच्या घशात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जीव वाचवायचा तर आवाज काढून टाकावा लागेल. ऑपरेशनला एकसष्ट दिवस होते. त्या बाईनं रोज एकदा संगणकापुढं बसून बोलायचं ठरवलं. मनात येईल ते, कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. ऑपरेशननंतर ती सहा महिने जगली, पण मुकी. तेव्हापासून घड्याळजी रोज सकाळी सात वाजता त्यातलं एक ध्वनिमुद्रण लावत. एकसष्ट संपली की पुन्हा पहिल्यापासून.

त्यातलं एक मेकॅनिकबाईंनी स्वतः ऐकलं होतं. गेल्या वर्षी घड्याळजींनी नवे स्पीकर बसवून घेतले, मोठे, आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला पाहिजे म्हणून. जोडून झाल्यावर त्यांनी हौसेनं लावून दाखवलं. खरखरीत पण ठसकेबाज आवाज आला होता. "पाणी कोमट आणायला सांगितलं होतं, हे काय उकळतं आणलंस? एक काम धड येईल तर शपथ. थोरला असता तर..." घड्याळजी हसत होते आणि डोळे पुसत होते. दारात त्यांची मुलगी कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. घड्या मात्र फार नीट घालत होती.

दार तिनंच उघडलं. घरात तिला धाकटी म्हणत. वय त्रेचाळीस, पण घरात कोणी मोठं म्हणायला तयार नसलं की माणूस धाकटंच राहतं.

"या ताई. बाबा कालपासून... म्हणजे आज सकाळपासून जेवले नाहीत," ती म्हणाली.

मेकॅनिकबाईंना तिच्याबद्दल माया होती. महिन्यापूर्वी ती भाजीची पिशवी घेऊन दुकानात डोकावली होती. "ताई, बाबा संगणकात काही ना काही टाकत असतात. व्हायरस मारणारं फुकटातलं कोणतं टाकू नये, तेवढं लिहून द्या ना." बाईंनी चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिली होती आणि मनात म्हटलं होतं, मुलगी असावी तर अशी.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत घड्याळजींचं जुनं कामाचं टेबल, कडेला चिमटे, भिंग, नखाएवढे स्क्रूड्रायव्हर ओळीनं लावलेले, आणि मधोमध संगणक. भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांची टिकटिक ऐकल्यावर म्हातारपणी ती नको झाली होती. वेळ सांगायला त्यांच्या मनगटावर किल्लीचं एक जुनं घड्याळ होतं, तेवढं पुरे.

घड्याळजी स्टुलावर बसले होते. हात मांडीवर पालथे टाकलेले. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या हातांकडे ते परक्याच्या वस्तूकडे बघावं तसे बघत होते.

थोरल्यानं टेबलावर एक छापील अर्ज पसरून ठेवला होता.

"हे बघा," तो म्हणाला, "एक तारखेला वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. आज आईचा आवाज पुसला, उद्या गॅस उघडा ठेवतील. मी स्पष्ट बोलतो, मला गोड बोलता येत नाही."

"मी केलं असेल तर मी जाईन," घड्याळजी म्हणाले. "मुकाट्यानं जाईन. तिला मीच मारली असेल तर मला या घरात राहायचा हक्क नाही. पण बाई, मला आठवत नाही हो. मी हे केल्याचं मला अजिबात आठवत नाही."

"तेच तर म्हणतोय मी," थोरला म्हणाला.

"आणि त्यांनी केलं नसेल तर?" मेकॅनिकबाईंनी विचारलं.

"तर राहू देत इथंच. धाकटी आहे बघायला. माझं काही म्हणणं नाही."

"ठरलं तर मग," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

पडद्यावर लालभडक चौकट होती. वर ढाल, खाली ठळक अक्षरं: *वज्रद्वार, मोफत संपूर्ण संरक्षण. आपला संगणक आता सुरक्षित आहे.* साठ ध्वनिमुद्रणं होती त्या जागी, पण आतून पार कालवून टाकलेली. व्हायरस अडवायला ठेवतात तसला हा रखवालदार बाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. फुकट म्हणून घरात घ्यायचं, आणि यानं घरातल्या माणसांनाच चोर ठरवून ठार करायचं.

"परत येतील?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही काका."

बाई खोटं बोलत नसत. या बाबतीत त्या थोडं खोटं बोलल्या असत्या तरी कोणी नावं ठेवली नसती. घड्याळजींनी मान डोलावली, जणू कोणी फक्त वेळ सांगितली होती.

"नक्कल कुठं ठेवली होती?"

"नाही ठेवली. तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मीच नको म्हटलं. तिच्या आवाजाच्या नकला काय करायच्या? घरात पेनड्राइव्हसुद्धा आणू दिला नाही मी."

"तुम्ही तर चांगला रखवालदार निवडला होता, काका. माझ्याच दुकानात बसून."

घड्याळजींच्या चेहऱ्यावर क्षणभर जीव आला. त्यांनी खणातून वही काढली. पंधरा दिवस ते ही वही घेऊन दुकानात येत होते आणि बाईंचा जीव नकोसा करत होते. फुकट देतो तर पोट कशावर भरतो? हा त्यांचा पहिला प्रश्न. पहिला रखवालदार दर तासाला घाबरवून पैसेवाला भाऊ घ्या म्हणत होता, त्याच्यावर काट. दुसरा एकटा न येता तीन पाहुणे बरोबर आणत होता, त्याच्यावरही काट. तिसरा आला की जायचं नाव घेत नव्हता. चौथ्यापुढं त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: *हा बोलत नाही. चांगलं यंत्र बोलत नाही. हाच घ्यावा.* आणि खाली दोनदा अधोरेखित: *एका दारावर दोन रखवालदार ठेवू नयेत. आपसात मारामाऱ्या करतात.*

"एवढं लिहिणारा माणूस वज्रद्वार घेईल?" बाई म्हणाल्या.

"लिहिलं पाच महिन्यांपूर्वी," थोरला म्हणाला. "पाच महिन्यांत काय काय विसरतं माणूस. इंटरनेटवर जाहिरात आली असेल, दाबलं असेल. म्हातारी माणसं दाबतातच."

बाईंनी संगणकाच्या नोंदी उघडल्या. संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो. कधी उठला, काय केलं, कधी झोपला. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून तर त्यांचं दुकान चालत होतं.

पाच मिनिटांनी थोरला खांद्यावरून डोकावला आणि ओरडलाच. "बघा! बारा वाजून तीन मिनिटांनी जुना रखवालदार बंद केलाय. बारा पाचला वज्रद्वार. म्हणजे मध्यरात्री उठून बसले होते! आणखी काय पुरावा पाहिजे?"

घड्याळजींचे ओठ हलले. "मी... उठलो होतो?"

"तारीख पण बघा की," बाई शांतपणे म्हणाल्या.

तारीख होती एक जानेवारी. साल सोळा वर्षांपूर्वीचं.

"ते सोडा," थोरला हात झटकत म्हणाला. "तो घड्याळाचा सेल कधीचा मेलाय आतला. बदला, बदला म्हणून मी फोनवर शंभरदा सांगितलं. ऐकतंय कोण?"

"तुम्हाला माहीत आहे तर."

"मला सगळं माहीत असतं. बाबा मला सगळं सांगतात."

बाईंनी आपल्या वहीत काहीतरी टिपलं. मग शिल्लक राहिलेलं ध्वनिमुद्रण उघडलं. नंबर चौतीस. आधी खोकला, बराच वेळ. मग कंगव्याचा केसांतून जातानाचा आवाज. मग घड्याळजींची बायको, दमलेली, नेहमीचा ठसका नसलेली: "बस जरा. थकलीस." पुन्हा कंगवा. संपलं. सव्वा मिनिट.

"यात काही नाही," घड्याळजी म्हणाले. "मी हे लावायचोच नाही. तेहतीसवरून पस्तीसवर जायचो. आणि नशीब बघा, नेमकं हेच राहिलं."

चौतीस संगणकात कधी आलं, ती नोंद बाईंनी पाहिली. एक जानेवारी, बारा वाजून पस्तीस मिनिटं. त्यांनी तेही टिपलं, चौतीस आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, आणि खुर्ची वळवली.

"आता मी तिघांना विचारते. काका, ही मुद्रणं तुम्ही शेवटची नीट कधी ऐकलीत?"

"काल सकाळी. शनिवारी. सात वाजता. बावन्न नंबर."

"मग?"

"मग बंद केलं. भिंतीवरचं बटणही बंद करतो मी, रोज. मग दिवसभर इथंच, याच टेबलापाशी. चारला हा आला, डोळे तपासायला घेऊन गेला. आलो तेव्हा सहा वाजले होते. मग जेवलो, झोपलो. माझ्या मते तरी झोपलो."

"सकाळी संगणक लावला की आधी काय करता?"

"आधी घड्याळ. दुसरं काय करणार? ते दरवेळी सोळा वर्षं मागं गेलेलं असतं. घड्याळ चुकीचं असलं की इंटरनेटचं पान उघडत नाही आणि रखवालदारही गोंधळतो. मनगटावर बघून मिनिटाला मिनिट लावतो. मग तिला ऐकतो."

"कधी चुकलं?"

घड्याळजींनी बाईंकडे असं पाहिलं, की थोरल्यालासुद्धा हसू आलं.

बाई थोरल्याकडे वळल्या. "काल तुम्ही किती वेळ या खोलीत एकटे होतात?"

"माझी चौकशी करताय?"

"हो."

"दहा मिनिटं. बाबा आत चष्मा शोधत होते. धाकटी सांगेल, ती स्वयंपाकघरातून मला पाणी घेऊन आली. संगणकाला मी बोट लावलं नाही."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "दादानं काही केलं नाही."

"आणि तू? ते गेल्यावर?"

"मी इस्त्री करत होते. बाबांचे शर्ट."

"संगणक लावलास?"

"मला काय कळतंय त्यातलं, ताई."

"असं कसं? छापखान्यात संगणकावरच तर होती ही," घड्याळजी सरळपणे म्हणाले. "नऊ वर्षं. तिच्या आईसाठी सोडलं ते."

"ते वेगळं, बाबा. ते विसरलं आता."

"तो आतला सेल मेलाय, हे तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"कसला सेल?" धाकटी म्हणाली.

या उत्तराकडे खोलीत कोणाचंही लक्ष गेलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"दादा, कागद द्या. लिहून देते." त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, आणि कागद थोरल्याच्या हातात न देता घड्याळजींच्या हातात दिला. *संगणकातील साठ ध्वनिमुद्रणे घड्याळजींच्या हातून नष्ट झालेली नाहीत. हे काम दुसऱ्या व्यक्तीने हेतुपुरस्सर केले आहे.*

घड्याळजींनी ते भिंग लावून वाचलं. दोनदा. मग त्यांनी दोन्ही हातांनी कागद टेबलावर सपाट केला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते हात त्यांना आपले वाटले.

"कोण?" थोरल्यानं विचारलं.

"सांगते. आधी हे बघा." बाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं. कोपऱ्यात तारीख उगवली: एक जानेवारी, सोळा वर्षांपूर्वी, बारा वाजून शून्य मिनिटं. "वीज गेली की हा वेळ विसरतो. म्हणजे नोंदीतली बारा वाजून तीन मिनिटं ही मध्यरात्र नव्हे. बटण दाबल्यापासून तिसरं मिनिट, एवढाच त्याचा अर्थ. खरे किती वाजले होते ते संगणकाला ठाऊक नाही.

"आता काकांची रोजनिशी. तीन वर्षं. रोज बटण, आणि दुसऱ्या मिनिटाला घड्याळ लावल्याची नोंद. एक दिवस चुकलेला नाही. तापात असताना चुकला नाही. सबंध तीन वर्षांत एकदाच असं झालंय, की संगणक लागला आणि घड्याळ कोणी लावलं नाही. त्याच वेळी हे सगळं झालं."

"विसरले असतील त्या दिवशी," थोरला म्हणाला, पण आवाजातली हवा गेली होती.

"विसरले असते तर इंटरनेटचं पानच उघडलं नसतं. जाहिरात कुठून येणार आणि दाबणार कशावर? हे वज्रद्वार इंटरनेटवरून आलेलं नाही. पेनड्राइव्हवरून आलंय, नोंद आहे. काका घरात पेनड्राइव्ह शिरू देत नाहीत. म्हणजे काका नाहीत."

"मग मी, असं म्हणायचंय?"

"तुम्ही पण नाही. म्हणावंसं वाटत होतं, कबूल करते. पण तुम्हाला सेलचं माहीत आहे. काकांवर खापर फोडायचं असतं, तर तुम्ही आधी घड्याळ लावलं असतं, म्हणजे नोंद त्यांच्यासारखी दिसली असती. शिवाय हे सगळं काम पस्तीस मिनिटांचं आहे. तुमच्याकडे दहाच होती."

यापुढं कोणाचं नाव राहतं, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तरी घड्याळजी दाराकडे बघत राहिले, बाहेरून कोणी चोर येईल या आशेनं.

"या घरात राहणारं, आणि तरी घड्याळ लावावं लागतं हे माहीत नसलेलं माणूस," बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही थोरल्यांना फोनवर सांगितलंत, मला सांगितलंत. हिला कधी सांगितलंत?"

"हिला कशाला सांगायचं?" घड्याळजी म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नाही.

धाकटी भिंतीला टेकली. "मला वाटायचं, ते नुसते घड्याळाकडे बघत बसतात. सात वाजायची वाट बघत."

"सगळे मला विचारतात, चांगलं कोणतं टाकू," मेकॅनिकबाई तिला म्हणाल्या. "टाकू नये ते कोणतं, असं विचारणारी तू एकटी. मला तुझं कौतुक वाटलं होतं. माझ्या चिठ्ठीवरचं पहिलं नाव वज्रद्वार होतं."

"हो."

"नुसतं पुसलं असतंस तर मी परत आणलं असतं. तुला ते परत यायला नको होतं. आणि दोष बाबांवर जायला हवा होता."

"हो, ताई."

"पण एक चूक केलीस. म्हणजे चूक म्हणू की नको, मला कळत नाही. वज्रद्वारनं बारा नऊ ते बारा एकतीस एकसष्टच्या एकसष्ट मारली. असला कार्यक्रम एखाद्यावर दया करत नाही. चौतीस त्याच्या हातून सुटलं असतं, तर त्याच्यावर साडेतीन वर्षांपूर्वीची तारीख असती. पण ते संगणकात आलंय बारा पस्तीसला. सगळं मेल्यानंतर. तू ते आधी पेनड्राइव्हवर काढून घेतलंस आणि शेवटी परत आणून ठेवलंस. स्वतःकडे का नाही ठेवलंस? तू सापडलीस ती तिथं."

धाकटी रडत नव्हती. ती इतकी वर्षं या घरात न रडता राहिली होती, आणि आता तिला ते येतही नसावं.

"आठ वर्षं आईचं केलं, गाठ निघायच्या आधीपासून," ती म्हणाली. "ती होती तोवर ऐकून घेतलं. दुखत होतं तिला, बोलणारच. पण ती गेली तरी थांबलं नाही. रोज सात वाजता. हिला पाणी देता येत नाही, हिला अंथरूण घालता येत नाही, हिला कोणी पसंत केलं नाही यात नवल काय. एकसष्ट दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच वेळी बाबांचं दूध गरम करत असते. मी मोजलंय ताई, एकेक मी सतरा-अठरा वेळा ऐकलंय. फक्त चौतीस नाही. त्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. तेवढं एकदाच म्हणाली ती मला. बाबा नेमकं तेच गाळायचे. मला वाटलं, दुसरं काही उरलंच नाही, तर लावतील. रोज सकाळी लावतील."

"आणि मला वेडा ठरवलंस?" घड्याळजी म्हणाले. "सकाळपासून मी इथं बसलोय. मला वाटलं, माझ्या हातून ती मेली. तू बघत होतीस."

"बघत होते," धाकटी म्हणाली. "बरं वाटत होतं, बाबा. खोटं कशाला बोलू? आपल्या हातून काहीच धड होत नाही, असं वाटलं की कसं होतं, ते तुम्हालाही कळू दे म्हटलं."

थोरला अर्जाची घडी घालायला लागला.

मेकॅनिकबाईंना वाटलं, आता म्हातारा विरघळेल. त्यांनी त्याला एक वाट काढून दिली. "काका, तुमच्या लक्षात आलं नसेल, की ती पण ऐकतेय."

"लक्षात आलं नसेल?" घड्याळजी म्हणाले. "स्पीकर कशाला घेतले मग? तिच्यासाठीच आवाज मोठा ठेवायचो. आई सांगून गेली ते कानावर पडत राहिलं, तर सुधारेल म्हटलं."

ते स्टुलावरून उठले आणि संगणकापुढं बसले. पडद्याच्या कोपऱ्यात सोळा वर्षांपूर्वीची तारीख होती. त्यांनी मनगट वर केलं, डोळे बारीक केले, आणि आधी घड्याळ लावलं. तारीख, तास, मिनिट. चार वाजून बावीस. मग चौतीस नंबरवर बाण नेला.

"काका," बाई म्हणाल्या, "थांबा."

"साठ तिनं मारली," घड्याळजी म्हणाले. "हे माझ्या वाटणीचं."

त्यांनी ते पुसलं. पुसलेलं जिथं साठतं, तिथं जाऊन तिथूनही पुसलं. निवडलेला रखवालदार वापरायला शिकताना बाईंनीच त्यांना ते शिकवलं होतं.

धाकटीनं पडद्यावरची रिकामी जागा पाहिली. मग ती आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक बॅग होती, फार मोठी नव्हे.

"शर्टांना इस्त्री झालीय," ती म्हणाली. "जेवणानंतरच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत. दादा, तुला जमतील द्यायला."

"अगं, असं काय करतेस? बाबांना एकटं कसं..." थोरला म्हणाला. "माझ्याकडे जागा कुठाय? तू बघतेस ना आमचं घर?"

ती जिना उतरली. मेकॅनिकबाईंनी तिला दुसऱ्या वळणावर गाठलं आणि पेनड्राइव्ह तिच्यापुढं धरला. चौतीस त्यावर होतं.

धाकटीनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही बोलला नसता तर चाललं असतं, ताई," ती म्हणाली. "आज रात्री मीच त्यांना सांगणार होते. निदान सकाळपासून तसं मनात तरी होतं."

ते खरं होतं की नव्हतं, हे मेकॅनिकबाईंना कधीच कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस त्या दुकानात बसून त्याचा विचार करत. संगणकाच्या नोंदी वाचता येतात, पण त्यात कोणाच्या मनात काय होतं याची नोंद नसते.

थोरल्यानं अर्जाची घडी उलगडली आणि सही केली.

एक तारखेला घड्याळजी वृद्धाश्रमाच्या कचेरीत उभे राहिले. एक पेटी आणायची मुभा होती. संगणकाला परवानगी नव्हती, आणि त्यात आणण्यासारखं काही उरलंही नव्हतं. थोरला गाडी वळवून घ्यायला गेला तो बराच वेळ आला नाही. कारकुनानं अर्जावरचं कारण वाचलं: *विस्मरण. एकटे ठेवणे धोक्याचे.*

"विस्मरण नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "हे बघा. लेखी आहे. मी केलेलं नाही."

कारकुनानं मेकॅनिकबाईंच्या चार ओळी वाचल्या. त्याला नीट कळलं नाही, पण म्हातारा शुद्धीवर आहे एवढं कळलं.

"मग आजोबा, तुम्ही इथं कशाला आलात?" त्यानं विचारलं. "घरी कोणी नाही का?"

घड्याळजींनी मनगट वर केलं, डोळे बारीक केले, आणि त्याला अगदी बरोबर वेळ सांगितली.